काहिलीतली खुर्ची

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्याइतकी बोलणी खाल्लेला माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसावा. आणि ती इतक्या चवीने खाणारा तर नाहीच. येलदरी धरणाच्या जलाशयाकाठी एका खेड्यात ते शाळामास्तर होते. सदऱ्याच्या गुंड्या एक घर चुकवून लावणे, जिंतूरच्या बाजारात मीठ आणायला जाऊन पोपट घेऊन येणे, शेजाऱ्याच्या चपला घालून शाळा गाठणे ही त्यांची नित्यकर्मे. ओळखीचा माणूस दिसला की ते दोन्ही हात वर करून "जयभीम!" करत, मग त्या हातांत सायकलचं हँडल का असेना. अशा प्रत्येक प्रकारानंतर आक्का त्यांना बोले आणि ते ऐकताना पंक्तीत जिलबी आल्यासारखा दाजींचा चेहरा उजळे. "पावणं," ते मला म्हणत, "तुमची भैन रागावल्याबिगर मला जेवनच जात न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. वैशाखात आक्काला पहिलं मूल झालं आणि जन्मतःच गेलं. ती रडली नाही. आठवड्याभरात कामाला लागली. बोलणं तेवढं थांबलं. दाजींनी मिठाऐवजी तुरटी आणली, ती "बरं" म्हणाली. गुंड्या दोन घरं चुकवून लावल्या, तिने पाहिलंही नाही. दाजी वाळत चालले. श्रावणात वडिलांनी मला तिला माहेरी आणायला पाठवलं. मी तेव्हा परभणीत एका वर्तमानपत्रात उमेदवारी करत होतो. माहेरी किती दिवस, हे कोणी ठरवलं नव्हतं आणि दाजींना धास्ती होती ती त्याचीच. "एक डाव पाण्यावरून फिरवून आणतो तिला," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "एक रात रानात मुक्काम करू. मग न्या. मी आडवा येनार न्हाई."

कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांनी निमुळत्या होडीतून, तंबू घेऊन, अरण्यातल्या तळ्यावर फिरणाऱ्या विलायती कुटुंबाचं चित्र पाहिलं होतं. होडी मिळेना, म्हणून त्यांनी काहील आणली. गूळ करायची ही मोठी लोखंडी कढई पावसाळ्यात रिकामीच असते आणि आमच्याकडे लोक तिच्यात बसून पाणी ओलांडतात. ओलांडतात, सहलीला जात नाहीत. वाटोळी असल्याने तिला पुढची बाजू नसते. वल्हं मारलं की ती आधी स्वतःभोवती फिरते आणि मग मर्जी असेल तर सरकते. या काहिलीत दाजींनी ताडपत्री, पिठाची पिशवी, कंदील, एक उशी आणि शाळेतली घडीची लाकडी खुर्ची चढवली. खुर्ची आक्कासाठी. ओल्यात बसून तिला सर्दी व्हायला नको म्हणून. निघालो आणि पाऊस सुरू झाला. मधोमध खुर्चीवर आक्का, तिच्या हातात उघडी छत्री, त्या छत्रीत वारा आणि वाऱ्याबरोबर गरगरणारे आम्ही तिघे. मी तांब्याने पाणी उपसत होतो. काठावर कोणी गुराखी दिसला की दाजी वल्हं टाकून उभे राहत, "जयभीम!" करत आणि काहील त्या बाजूला कलंडे. आक्का कड घट्ट धरून समोर पाहत राही. एकदाही ओरडली नाही.

पाण्यातून वर राहिलेल्या एका टेकडीच्या माथ्यावर मुक्काम ठरला. पळसाची चार झाडं आणि खडक, एवढंच बेट. दाजींनी खुर्ची खडकावर मांडली आणि आक्काला तिच्यावर बसवलं. दाजींनी ताडपत्री अशी बांधली की तिच्या पोटात पाणी साठलं. ते काढायला त्यांनी खालून छत्रीचं टोक खुपसलं. ताडपत्रीला भोक पडलं आणि सगळं पाणी पिठाच्या पिशवीवर आलं. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." दाजींनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं. मग ती ओली लाकडं फुंकायला खुर्चीवरून उठली आणि मागे खडकावर काहीतरी घासल्याचा आवाज झाला. खुर्ची चालू लागली होती. उतारावरून ती घसरत गेली, पाण्यात पडली आणि चारी पाय वर करून निघाली. तिच्यापुढे दोरीच्या टोकाला आमची काहील होती.

"अवो!" आक्का किंचाळली. "काहील खुर्चीला बांधली तुमी?"

"तू बसलेली व्हतीस की. वजन व्हतं."

"मी काय जन्मभर बसून ऱ्हानार हाय का? चार झाडं दिसली न्हाईत डोळ्याला? पोरांना काय शिकवायलाव साळंत? पीठ भिजिवलं, ताडपत्री फाडली, अन् आता दात काय काढायलाव?"

दाजी गुडघाभर पाण्यात उभे होते. डोक्यावरून पाऊस वाहत होता. "पावणं," ते हळूच म्हणाले, "ऐकायलाव ना?"

ती बोलत राहिली. तुरटी निघाली, पोपट निघाला, गुंड्या निघाल्या. इतक्या दिवसांची थकबाकी होती. "पाळन्याची दोरी तरी नीट बांधली असती का तुमी?" असं म्हणाली आणि तिथे थांबली. मग खाली बसून रडायला लागली. दाजी पाण्यातून वर आले आणि फाटकी ताडपत्री दोन्ही हातांनी तिच्यावर धरून उभे राहिले. भोक त्यांनी आपल्या बाजूला घेतलं होतं. मी लाकडं फुंकत बसलो. बराच वेळ पाऊस आणि ती, दोघंही थांबली नाहीत.

सकाळी मासेमारांनी काहील आणि खुर्ची दोन्ही आणून दिल्या. परतताना वल्हं आक्काच्या हातात होतं आणि दाजींना उभं राहायची मनाई होती. "मुद्दाम केलंत का?" मी त्यांना विचारलं. "मुद्दाम करायला अक्कल लागती, पावणं," ते म्हणाले. माझ्याबरोबर यायला आक्काने नकार दिला. "बाबाला सांग, ह्यांना असं सोडून कसं यावं? बुडून मरतील." मी एस.टी.ने एकटाच आलो. वडील स्टँडवर उभे होते. तिच्या रागावण्याचा शब्दन् शब्द त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला आणि मगच घराची वाट धरली.

पुढे त्यांना दोन मुली झाल्या आणि दाजींचं जेवण व्यवस्थित चालू राहिलं. आक्का जाऊन आता काही वर्षं झाली. मुली बापाला रागावत नाहीत, फार जपतात. मी भेटायला जातो तेव्हा दाजी चहात मीठ घालतात किंवा माझ्या चपला घालून अंगणात फिरतात आणि माझ्याकडे पाहतात. मी जमेल तसा आवाज चढवतो. ते डोळे मिटून ऐकतात.

"तिच्यावानी न्हाई जमत तुमाला, पावणं," ते म्हणतात. "पर चालू ठेवा."