नॉटपेड काकू

माझी काकू पत्राला तिकीट लावत नसे. मी पुण्याला वसतिगृहात शिकत होते तेव्हा तिची पाकिटं नॉटपेड यायची आणि तिकिटाच्या दुप्पट पैसे भरून मला ती सोडवून घ्यावी लागायची. पोस्टमन दिसला की मैत्रिणी आधी माझी पर्स शोधायच्या. सुट्टीत वडगाव निंबाळकरला गेले तेव्हा मी कुरकुर केली. काकू शांतपणे म्हणाली, "फुकट आलेलं पत्र उशाखाली जातं. पैसं मोजलं की माणूस शेवटापातूर वाचतो." खोटं कशाला बोलू, मी वाचायची. म्हैस व्याल्याची खबरसुद्धा दोनदा.

तिला दर कळत नव्हते असं मुळीच नाही. कार्डाला किती, आंतरदेशीय पत्राला किती, पाकीट जड झालं तर वर किती, सगळं तोंडपाठ. दुकानदार जाहिराती धाडतात तसा, पाकीट न चिकटवता छापील मजकूर टाकला तर तो स्वस्तात जातो, हेही तिला ठाऊक होतं आणि तिथंच घात झाला. थोरल्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका तिनं तशाच उघड्या पाकिटांतून धाडल्या. त्या गठ्ठ्यात इंदापूरच्या धाकट्या बहिणीची, शकूची पत्रिकाही गेली. शकू लग्नाला आली नाही. तिचा निरोप आला, "सख्ख्या बहिणीला उघडं पाकीट? मी काय गिऱ्हाईक हाय?"

मग काकूनं पुरेशी तिकिटं लावून पत्रं लिहिली; एकदा तर जास्तीचीही डकवली. उत्तर नाही. शकू ती वाचते की चुलीत घालते तेच कळेना आणि काकूला जेवण गोड लागेना. अशात पोस्टमननं बोलता बोलता सांगितलं, की नॉटपेड पत्र घ्यायचं तर पैसे भरावे लागतात, नाहीतर ते पाठवणाऱ्याकडे परत येतं. काकूनं त्या दिवसापासून तिकिटं घेणं बंद केलं. मला उगीचच भुर्दंड बसला तो असा.

शकूला धाडलेलं पहिलं नॉटपेड पत्र, तिनं घ्यायला नकार दिल्याचा शेरा घेऊन परत आलं. काकूनंच पैसे भरले, वर पोस्टमनला चहा पाजला. काका वैतागले, तेव्हा म्हणाली, "परत आलं म्हंजे ती रागात हाय. राग हाय तवर बहीण हाय." एवढं बोलून ती गोठ्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अशी बरीच पत्रं फिरून आली. मग एक परत आलंच नाही. पत्र आलं नाही म्हणून इतकी हरखलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढच्या लग्नसराईत मी तिथंच होते. पोस्टमननं ओट्यावर इंदापूरचं पाकीट ठेवलं. हळदीकुंकवाची बोटं होती, तिकीट नव्हतं. "अक्का, दुप्पट पडत्याल," तो जरा अवघडूनच म्हणाला. शकूच्या लेकीची पत्रिका होती. काकूनं पैसे दिले, पण पाकीट फोडेचना. त्याचं तोंड भाताच्या शितांनी गच्च चिकटवलेलं होतं आणि काकू त्यावरून बोट फिरवत राहिली.

"बघ, बंद पाकीट धाडलंय," ती म्हणाली. मग डोळे पुसत, "तिकिटाचं मातुर माझ्याकडनंच वसूल केलं."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या मुलीच्या लग्नात मी शकूमावशीचं पाकीट नीट चिकटवलं आणि मुद्दाम तिकीट लावलं नाही. मावशी आली. मांडवात शिरताच तिनं माझ्यापुढे हात पसरून दुप्पट पैसे मागितले आणि मी पर्स उघडायच्या आत माझ्या गळ्यात पडून रडली.