कावून गेलीस

आमचा चार पोरांचा बँड होता. तेलगाव, सिरसाळा, गेवराई, जिथं लग्नाची हळद तिथं आम्ही. चौघांचे शर्ट एकाच ताग्यातले. दाढी ठेवायची का काढायची, हेसुद्धा चौघं मिळून ठरवायचो. आणि मी एकट्याच्या गाण्यांचा अल्बम काढायला निघालो. झालं, तिघांनी बोलणंच टाकलं. कीबोर्डवाल्याचं गॅरेज आहे. गाडी पंक्चर झाली म्हणून गेलो तर म्हणाला, "दुसरीकडं काढ." पहिलीपासूनचा दोस्त माझा. मला लई लागलं.

पुण्यात रेकॉर्डिंग होतं. मुख्य गाणं, 'कावून गेलीस'. तीनदा गाऊन झाल्यावर रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून हात वर केला.

"दादा, ती एवढी कावून गेलीय, मग तुम्ही इतकं गोड कसं गाताय?"

मला आधी कळेना, मग उजेड पडला. आमच्याकडं कावून म्हणजे का. त्याच्याकडं कावून म्हणजे वैतागून. मी विचारत होतो का गेलीस, आणि हा बाबा ऐकत होता वैतागून गेलीस. हसून हसून पोट दुखलं. तो म्हणाला, "मग सरळ 'का गेलीस' करू." तिथं मात्र माझं डोकं सणकलं. म्हटलं, घरी आम्ही जसं विचारतो तसंच विचारणार. कावूनच राहिलं.

अल्बम आला. रिक्षात, रसवंतीवर, सगळीकडं वाजायला लागला. लोक पाठ थोपटायचे, पण माझे कान गॅरेजकडं. आठ दिवस तिकडून चकार शब्द नाही. नवव्या दिवशी मीच गेलो, गाडीला काही झालेलं नसताना. तो चाक खोलत बसला होता. शेजारी मोबाईलवर माझंच गाणं चालू. मान वर न करता त्यानं विचारलं,

"कावून गेलतास बे, आमाला सोडून?"

महिनाभर कारणं घोकून ठेवली होती. पण तोंडातून निघालं, "कावून न्हाई गेलतो."

त्यानं वर बघितलं. याचं डोकं फिरलं की काय, असा चेहरा. मग मी त्याला पुण्याची सगळी गंमत सांगितली. तो इतका हसला की हातातला पाना खाली पडला. ग्रीसच्या हातानं डोळे पुसायला गेला आणि तोंड काळं करून बसला.

"शनिवारी सिरसाळ्याला हळद हाय," तो म्हणाला. "नवीन शर्ट मागच्याच आठवड्यात शिवायला टाकलेत."

"किती?"

"चार."