रांगेतली एर्मेसची जागा

इदालमिस क्यूबातल्या आमच्या सिएनफुएगोसच्या गल्लीत राहायची तेव्हाची गोष्ट. शाळेत गणित शिकवायची आणि घरी आली की बॉट लिहीत बसायची. औषधाच्या दुकानात माल आला की हा बॉट रांगेतल्या एकेकाच्या फोनवर क्रमाने निरोप धाडी. रांग आमची नेहमीचीच. आल्यावर 'शेवटचं कोण?' म्हणून विचारायचं आणि पुढचा माणूस ध्यानात ठेवायचा. कुणी 'आलोच' म्हणून गेला, तर त्याची जागा मागच्याने राखायची. इदालमिसच्या पुढे तिचा भाऊ एर्मेस, मागे मी.

माझ्या नवऱ्याला, एवेलिओला, दम्याचा पंप लागतो. एकदा पंप आले आणि संपलेही, मला निरोपच नाही. बिचाऱ्याने कित्येक रात्री खुर्चीत बसून काढल्या, आडवं होता येईना. मी तणतणत तिच्याकडे गेले.

"तुझ्या बॉटला माझंच वावडं आहे का गं?"

"काकू, मलासुद्धा नाही आला. एर्मेसपाशी अडकलाय."

एर्मेस माद्रिदला गेला होता आणि नुकतंच त्याचं इथलं खातं बंद पडलं होतं. निरोप पोचला नाही की, जिच्या आधाराने तिने बॉट लिहिला होता ती तयार कोडची लायब्ररी चूक फेकायची. ती चूक झेलायची सोयच इदालमिसने केली नव्हती, म्हणून सगळा कारभार तिथेच ठप्प. त्याच्या मागचे सगळे कोरडे.

"मग काढून टाक त्याचं नाव."

"आलोच म्हणून गेलाय तो, काकू."

"माद्रिदहून पंपाच्या रांगेत कोण परत येतं?"

तिने उठून कॉफी ठेवली. राग माझा उतरला नव्हता, पण तिचा चेहरा बघून पुढे बोलवेना.

तिने चूक झेलायला शिकवलं बॉटला. नुसती गिळून पुढे गेला असता तरी चाललं असतं. पण रांगेतला माणूस गेला तर मागच्याला कळायला हवं, हा तिचा हट्ट. पुढच्या खेपेला मला वेळेवर निरोप आला, एवेलिओला पंप मिळाला. तिने तिचा फोन दाखवला: 'पंप आलेत. तुमच्या पुढचे एर्मेस जरा बाहेर गेलेत. जागा राखा.' हसत होती आणि डोळेही पुसत होती. मी तिला वेडी म्हटलं.

मग गल्ली रिकामी होत गेली. इदालमिसही गेली. दारात माझा हात धरून म्हणाली, "आलेच, काकू." मला तिचा इतका राग आला की निरोपही नीट दिला नाही. बॉट अजून तीच चालवते, तिकडून. इथला नंबर मात्र बंद पडला.

परवा फोन वाजला. 'पंप आलेत. तुमच्या पुढच्या इदालमिस जरा बाहेर गेल्यात. जागा राखा.'

दुकानापाशी मागून एक नवा भाडेकरू म्हणाला, "सरका ना पुढे, काकू. मोकळी तर आहे जागा."

"मोकळी नाही," मी म्हटलं. "इदालमिस आहे. तिच्यापुढे एर्मेस."