ते ठोके कुणाचे होते

आश्विनातल्या एका मंगळवारी दुपारी आमचे मूल पोटातच गेल्याचे आम्हाला कळले. मी तेव्हा मुळशीच्या शाळेत शिक्षक होतो. बायकोला आठवा महिना होता.

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे म्हणून तिचे वडील सातव्यातच न्यायला आले होते. मीच तिला ठेवून घेतले. पुण्याहून आणलेल्या एका पुस्तकात मी बाळाच्या ठोक्यांविषयी वाचले होते. रोज दिवेलागणीनंतर तिच्या पोटाला कान लावी, ठोके ऐकी आणि देवापुढे हात जोडी. त्या रविवारपासून तिला हालचाल जाणवेना. अंगात कणकण होती. मी कान लावला, ठोके ऐकू आले, आणि काळजीचे कारण नाही असे मी तिला सांगितले.

शेजारच्या सखूबाईंच्या हातून गावातली निम्मी बाळंतपणे झालेली. त्या सोमवारी संध्याकाळी म्हणाल्या, "मास्तर, दोन दिस प्वार हाललं न्हाई म्हंतीया ती. तुमच्या पुस्तकाला कळा येत्यात व्हय?" मी हसून विषय टाळला.

दुसऱ्या दिवशी धरणापलीकडच्या गावाला निघालेल्या एक नर्सबाई, वाऱ्यामुळे होडी सुटेना म्हणून आमच्या ओसरीवर टेकल्या. सखूबाईंनी त्यांना हात धरून आत नेले. बाईंनी पोटावर लाकडी नळी ठेवून बराच वेळ ऐकले, जागा बदलून पुन्हा ऐकले. मी म्हणालो, "ठोके आहेत. मी रोज ऐकतो." त्यांनी नळीशी मला कान लावायला सांगितला आणि माझी बोटे बायकोच्या मनगटावर ठेवली.

"आता दोन्ही मोजा, मास्तर."

कानातला ठोका आणि बोटांखालचा ठोका एकाच वेळी पडत होता.

"बाळाचं काळीज याच्या जवळजवळ दुप्पट पळतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे यांचंच आहे."

बायको माझ्याकडे पाहत होती. तिचे मनगट माझ्या हातून सुटेना. पुढचे काही मला नीट आठवत नाही. तिचा ताप पाहून बाईंनी आपले काम बाजूला ठेवले आणि दुपारच्या एस.टी.ने त्या आमच्याबरोबर पुण्यापर्यंत आल्या, एवढे आठवते. दवाखान्यात तिची सुटका झाली. अकराव्या दिवशी ती उठून बसली. बाईंचे नाव विचारायचेही माझ्याकडून राहून गेले.

इतके दिवस मी देवाचे आभार मानले ते कशासाठी, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. त्याने मला फसवले असे वाटे. मग आठवे, की ऐकले मी आणि अर्थ लावला तोही मीच. ज्या ठोक्यांसाठी मी रोज हात जोडत होतो, ते त्याने राखले. दुसरे का राखले नाहीत, हे मी आता विचारत नाही. आपल्याला जेवढे ऐकू येते तेवढ्यावरून सारे कळले असे मानू नये, उरलेले त्याच्यावर सोडावे, इतकेच मी शिकलो.

आम्हाला पुढे मूल झाले नाही. घरात आम्ही दोघे आहोत.