जीरावणाच्या आड

समाजसेविकेच्या अंगी काय काय हवं, ते सत्काराच्या भाषणांत सांगतात. माया, चिकाटी वगैरे. पोटाचं नाव कोणी घेत नाही. इंदुरात घरोघर फिरायचं तर आधी पोट दणकट हवं, कारण इथे पोहे खाल्ल्याशिवाय कोणी कामाचं बोलूच देत नाही.

लालबागेच्या मागे एक काकू एकट्या राहायच्या. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन लांबवलं तर हाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकूंना राजी करायचं काम माझ्याकडे. दर मंगळवारी मी विषय काढायचे, त्या पोह्यांची बशी पुढे करायच्या.

"मला सब बरोबर दिसतं. तू पोहे खा नं, मग सांग."

पोहे निवडलेले नसायचे. वर जीरावण भुरभुरलेलं, त्यामुळे मसाला कुठे संपतो आणि किडा कुठे सुरू होतो, ते पटकन कळायचं नाही. कळलं की मी डोळे मिटून गिळायचे आणि म्हणायचे, "वा काकू, एक नंबर!"

"मग? न दिसणारीच्या हातचे असे होतात काय?"

म्हणजे त्यांच्या डोळ्यांचं सर्टिफिकेट दर आठवड्याला मीच देत होते! हे लक्षात यायला मला सहा मंगळवार लागले. एवढाच माझ्या अकलेचा उजेड.

सातव्या मंगळवारी मी बशी खाली ठेवली. "काकू, यात किडे आहेत. दर वेळी होते."

इंदुरात माणसाला चोर म्हटलं तर एक वेळ चालेल, त्याच्या पोह्यांना नावं ठेवू नयेत. काकू आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आता डोळाही गेला आणि काकूही, असं वाटून मी रडकुंडीला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. "चल तुझ्या डॉक्टरकडे. पण पहिले सांग, पोह्यांचं कोणाकोणाला बोललीस?"

ऑपरेशननंतर महिन्याभराने त्यांनी मला बोलावलं. माझं तोंड नीट न्याहाळलं. "आवाजावरून तरुण वाटायचीस गं." मग बशी ठेवत विचारलं, "इतके दिवस किडे खाल्लेस, बोलली का नाहीस?"

"तुमचं मन मोडवेना."

"अन् डोळा गेला असता, मग मनाचं काय लोणचं घातलं असतंस?"

मी खाली मान घालून पोहे संपवले. जीरावण त्यांनी घातलंच नव्हतं.