शिंपीकाका आणि टेकडीची वाट

शिंपीकाकांना टेकडीवर कोणी बोलावलं नव्हतं. जन्मभर मशीनवर वाकून वाकलेली पाठ घेऊन ते आपणहून आले. वस्तीतल्या काही हौशी लोकांनी मागच्या टेकडीवर फिरायची वाट करायला घेतली होती. ते काम शिकवायला एक बाई येत, त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. पहिला उत्साह लवकरच ओसरला आणि राहिलो आम्ही मोजके, तेही घरून हाकलल्यासारखे. काकांचा मात्र एकही रविवार चुकला नाही.

त्यांचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून काकू डावा पाय ओढत चालत आणि त्यांचं चालणं पलंगापासून खिडकीपर्यंतच उरलं होतं. खिडकीतून ही टेकडी दिसते. तिच्या वरच्या वळणावरून तळं दिसतं, लग्नानंतर दोघं तिथे जायची. तिला एकदा तरी तिथवर न्यायचं, एवढंच काकांच्या डोक्यात होतं. म्हणून बाईंनी सरळ चढ सोडून टेकडीला वळसा घालत हळूहळू चढणारी लांबलचक वाट आखली, तेव्हा आम्ही कुरकुरलो आणि काका खूश झाले.

वाट उताराच्या बाजूला किंचित कलती ठेवा, पाणी आपलं आपण निघून जाईल, असं बाईंनी बजावलं होतं. काकांनी ऐकलं. पण कड न शिवता कापड हातावेगळं करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. काकूंचा पाय घसरू नये म्हणून त्यांनी बाहेरच्या कडेला दगडांची ओळ बसवली, टाक्याला टाका लागावा तशी. दगड आम्हीच वाहून दिले. ती देखणी कड बघून आम्हाला तर वाट पूर्ण झाल्याची पाटी लावायची घाई झाली होती.

मग एका रात्री जोराचा पाऊस झाला. दगडांनी पाण्याला बाहेर पडू दिलं नाही, ते वाटेवरूनच धावलं आणि मधोमध गुडघाभर चर पाडून गेलं. बाई रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. सगळे दगड काढावे लागतील, एवढंच म्हणाल्या. मी वैतागून फावडं टाकलं आणि घरी निघालो. तेवढ्यात काका खाली बसून पहिला दगड उपसायला लागले. मग कुठल्या तोंडाने जायचं?

चर बुजवण्यात आणि माती धोपटण्यात कितीतरी रविवार गेले. अंग इतकं दुखायचं की वाटेचं नावही नको वाटे. काका मात्र थांबत नसत.

वाट झाली तेव्हा ते काकूंना हाताला धरून घेऊन आले. उघडी कड बघून काकू थबकल्या.

"इथे दगड लावलेत म्हणाला होतात ना?"

"काढले," काका म्हणाले आणि बाजू बदलून उताराकडे गेले. "कडेने मी चालतो."

दोघं इतकी हळू चालली की मागे उभं राहून राहून आमचे पाय भरून आले. पण पुढे कोणी गेलं नाही. वळणावर पोचल्यावर काकू कितीतरी वेळ तळ्याकडे बघत राहिल्या. काका त्यांच्या पायांकडे बघत होते.