विहीर बंद होईपर्यंत

थोरलीने परवा फोनवर विचारलं, माझ्या जन्माच्या वेळी आजी होती, मग आजोबा का नव्हते? तुमच्या आईने तिला "कामात होते" एवढंच सांगितलं म्हणे. उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे, आणि अपुरी उत्तरं मला आवडत नाहीत. म्हणून दोघांसाठी लिहून ठेवते. धाकट्याला कुणीतरी वाचून दाखवावं लागेल. त्याचं मराठी अजून आंबा आणि आजी यांच्यापुढे गेलेलं नाही.

आजोबा समुद्रात तेलविहिरी खणण्याच्या कामावर होते हे तुम्हाला माहीत आहे. अर्धा महिना समुद्रावर, अर्धा महिना घरी, असं त्यांचं आयुष्य गेलं आणि त्याबरोबर माझंही. आम्हा बायकांमध्ये तेव्हा एक नियम होता. नवी नवरी आली की वरिष्ठांची बायको तिला चहाला बोलवायची आणि तो नियम सांगायची. नवऱ्याला "कधी येणार" असं विचारायचं नाही. हवा बिघडते, हेलिकॉप्टर उडत नाही, पाइप अडकतो. त्याला स्वतःलाच माहीत नसतं. विचारलं तर तो खोटं बोलतो किंवा चिडतो. मी शिस्तीची बाई. मी तो नियम त्यांच्या निवृत्तीपर्यंत पाळला. तुमच्या आईला गोवर आला तेव्हासुद्धा नाही विचारलं.

निवृत्तीनंतर आम्ही चेन्नईत, अड्यारला राहिलो. शेवटची बदली इथलीच होती आणि घरही झालं होतं. आता तरी ते माझ्या वाट्याला पूर्ण आले असं मी धरून चालले होते. त्यात तुमच्या आईला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण ती तुमच्या बर्फाच्या गावात, म्हणून माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. दोघांची तिकिटं काढली. मी डिंकाचे लाडू केले, अळीव, बाळंतशोपा आणि गुटीची मुळं वेगवेगळ्या डब्यांत भरली, विमानतळावर कुणी विचारलं तर पंचाईत नको म्हणून प्रत्येक डब्यावर इंग्रजीत चिठ्ठी लावली. आम्ही दोघं मिळून केलेला तो पहिला लांबचा प्रवास ठरला असता. मला बाळाइतकीच त्या प्रवासाचीही ओढ होती. शेजारी शेजारी बसून इतके तास, आणि त्यांना कुठून फोन येणार नाही.

आणि मग बंगालच्या उपसागरात एक विहीर फुटली.

कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही बिघडत नाही. खोल समुद्रातली विहीर; खालून वायूचा आणि तेलाचा दाब उसळला आणि आवरेना. माणसं वेळेवर उतरवली, देवाची कृपा. पण विहीर ओकत राहिली. कंपनीने अड्यारमध्येच आमच्या घरापासून जवळ एक बंगला घेऊन तिथे कचेरी थाटली आणि अशा विहिरी ज्यांनी पूर्वी आवरल्या होत्या त्या म्हाताऱ्यांना गोळा केलं. आजोबांना फोन आला तेव्हा ते वाटाणे सोलत होते. ताट तसंच ठेवून उठले. "दोन दिवस जाऊन येतो," म्हणाले. त्यांची पाठ एकदम सरळ झाली होती. माझ्यासाठी ती इतक्यात कधी तशी झालेली मी पाहिली नव्हती.

मला त्या विहिरीचा मत्सर वाटला. विहिरीचा मत्सर करता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी समुद्रावरच्या माणसाशी लग्न करून पाहावं.

दोन दिवसांचे आठवडे झाले. आजोबांना साखरेचा त्रास, वेळेवर जेवण लागतं, म्हणून ते दुपारी घरी येऊ लागले. आणि त्यांच्यामागोमाग त्या कचेरीतली एक मुलगी येऊ लागली. ती इंजिनिअर होती. विहिरीत जो जड चिखल भरतात, ज्याला ते सगळे मड म्हणतात, त्याचं वजन किती ठेवायचं हे तिचं काम. तंजावरच्या मराठी घरातली. तिचं मराठी जुन्या पत्रांतल्यासारखं, आणि बोलण्याची चाल तमिळ. दाराबाहेर आमच्या चपलांशेजारी तिचे लोखंडी टोकाचे मोठे बूट असायचे. आजोबांना ती "सर" म्हणायची आणि मला "मामी". कॉफीचा पेला ओठांना न लावता वरून धार धरून प्यायची आणि मी उठले की म्हणायची, "तुम्ही बसा मामी, मी घेतें."

गैरसमज नको. ती तुमच्या आईच्या वयाची होती, मला तसला मत्सर नव्हता. तसला मला परवडला असता. ती पहिल्याच दिवशी पाटावर बसावं तशी खुर्चीत मांडी घालून बसली आणि तिने विचारलं, "सर, कधी बंद होईल?"

मी स्वयंपाकघरात थांबले. आता ते चिडतील असं वाटलं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि तिला सगळं नीट सांगायला लागले.

त्या दुपारी मला जे कळलं ते असं. समुद्र तिथे इतका खोल की पाणबुड्या माणूस उतरू शकत नाही. विहिरीच्या तोंडाशी, समुद्राच्या तळावर, झडपांचा एक मनोरा असतो; दाब उसळला की त्याने विहीर मिटायची. तो अर्धाच मिटला होता. वरून यंत्रमानव सोडून त्याच्या हाताने झडपा फिरवून पाहिल्या, जमलं नाही. मग तोंडातून जड मड दाबून पाहिला, तो वायूबरोबर परत वर आला. आता एकच उपाय होता, लांबून दुसरी विहीर खणायची, ती तिरपी नेत नेत पहिलीच्या तळाजवळ तिला गाठायचं आणि तिथून मड भरायचा. कित्येक किलोमीटर खाली, अंधारात, एका ताटाहूनही अरुंद भोक शोधायचं. जुन्या विहिरीतल्या लोखंडी पाइपाचं चुंबकत्व जोखत जायचं. थोडं खणायचं, खणायची सगळी सळई वर काढायची, मापायचं, पुन्हा उतरवायची. मड हलका झाला तर दाब आवरत नाही, जड झाला तर खालचा खडकच फुटतो. म्हणून ती मुलगी.

हे समजावण्यासाठी त्यांनी टेबलावरून माझं विणकाम उचललं. थोरले, तुझी टोपी होती ती. एक सुई उभी धरली, दुसरी टोपीतून उपसून तिला तिरपी लावली. टाके ओघळले. दोघंही सुयांच्या टोकांकडे बघत होती.

त्यांच्या किती अहवालांचं इंग्रजी मी सुधारलं होतं. त्यातले स्वल्पविराम मी घातले, स्पेलिंगं मी तपासली. विहीर मला कधी कुणी सुयांनी दाखवली नाही. कारण मी विचारलं नव्हतं. आणि मी विचारलं नव्हतं कारण विचारायचं नाही असं मला शिकवलं होतं. आणि ही कालची पोर बूट काढून आत येते, विचारते, आणि तिला मिळतं. मी टोपी उसवून पुन्हा विणली आणि त्या दिवशी तिच्या कॉफीत साखर घालायची राहिली, ती मुद्दाम राहिली.

प्रवासाचा दिवस जवळ येत चालला. एन्नोरच्या बंदराकडून पाइपांचे ट्रेलर कसे अडकलेत, नवी विहीर किती खाली गेली, हे सगळं जेवताना त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळायचं. तिकिटाबद्दल ते काही बोलत नव्हते. मीही विचारत नव्हते. ते आपणहून सांगतील अशी वाट पाहत होते.

एके दुपारी ती मुलगी दारात बुटाच्या नाड्या बांधत होती. आजोबा आत फोनवर होते. ती म्हणाली, "मामी, तिकिटांचं काम झालं म्हणून सरांना सांगा. दोन्ही पुढं ढकललीं. तारीख मोकळी ठेवली आहे."

मी "बरं" म्हटलं. तिला काय माहीत की मला माहीत नव्हतं. ती गेल्यावर मी दार लावलं आणि फोन संपेपर्यंत त्यांच्यासमोर उभी राहिले.

"तिकिटं पुढे ढकललीत?"

"अगं, तू काही म्हणाली नाहीस. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलंय."

ते खोटं बोलत नव्हते. आमच्या घरात माझं गप्प बसणं म्हणजे होकार, हा हिशेब इतकी वर्षं बिनचूक चालला होता. त्यांनी तोच लावला. मला मात्र त्या हिशेबाची पहिल्यांदा किळस आली.

"विहीर कधी बंद होणार?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे कपाट बोलल्यासारखं पाहिलं. "तू हे कधी विचारत नाहीस."

"आज विचारतेय."

"माहीत नाही. पहिल्या फटक्यात लागली तर तुझ्या बाळंतपणाच्या आत. नाही लागली तर पुन्हा मागे येऊन नवी वाट खणायची."

"बाळंतपण माझं नाही, तुमच्या मुलीचं आहे."

ते खाली बसले. मग म्हणाले, की हे काम अर्ध्यात सोडून ते विमानात बसले तरी मन इथेच राहील आणि मला शेजारी नुसतं शरीर मिळेल. हे ऐकून राग यायला हवा होता. पण इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेलं ते पहिलं पूर्ण उत्तर होतं, आणि आत कुठेतरी मला ते हवंसं वाटलं.

"मग माझं तिकीट परत पहिल्या तारखेला आणा," मी म्हटलं. "मी जाते."

"एकटी?"

"तुम्ही जन्मभर एकटेच जात होतात की."

"माझ्याबरोबर शंभर माणसं असायची."

"विमानातही असतात."

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनेच माझं तिकीट पूर्ववत करून आणलं. बिचारी ओशाळली होती, सारखं "मला ठाऊक नव्हतं मामी" म्हणत होती. मी तिला कुंकू लावलं, कॉफी दिली, साखर घालून दिली. लाडू मात्र दिला नाही. ते बाळंतिणीचे होते.

अशी मी एकटी तुमच्याकडे आले आणि थोरली झाली तेव्हा तुमच्या आईचा हात माझ्या हातात होता. आजोबांचे फोन यायचे. नवी विहीर पहिल्या खेपेला जुनीच्या अगदी जवळून निघून गेली होती. मागे येऊन, खालचा भाग सिमेंटने बुजवून, पुन्हा वळवावी लागली. त्यांची साखर आटोक्यात होती. जेवणाचं कसं करता म्हटलं तर म्हणाले, तिची आई डबा पाठवते, सांबार फार सुरेख असतं. इतक्या लांबून त्या सांबाराचं मी काय करणार होते? तुमच्या आईने विचारलं, चेहरा का असा झाला. मी म्हटलं, थंडी आहे.

मग एका सकाळी, चेन्नईतली संध्याकाळ, मी बाळाला पायावर घेऊन नुकतीच न्हाऊ घालून गुंडाळत होते, तेव्हा फोन वाजला. विहीर लागली होती. मड आत गेला, दाब उतरत गेला, शून्यावर आला आणि तिथेच राहिला. आता सिमेंट भरत होते. एवढं सांगून ते थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. पहिल्यापासून सगळं सांगायला लागले. सळईला झटका कसा बसला, कचेरीच्या खोलीतले सगळे पडद्याभोवती कसे गोळा झाले, कुणी रडलं, कुणी खुर्चीवर उभं राहिलं. मी मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते. प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळत होतं.

"ती कुठे आहे?" मी शेवटी विचारलंच.

"इथेच, शेजारच्या खोलीत. का?"

"तिच्याशी बोलायचं सोडून मला फोन?"

"तिला काय सांगायचं? तिने पाहिलंच की सगळं."

मी तिच्या जागी असते तर मला हे ऐकायला मिळालं नसतं, हे मला कळलं. तरीही खरं सांगते, त्या खोलीत मी असायला हवी होते. ते मला आजही वाटतं.

मग ते थोडे घुटमळले आणि म्हणाले, "बाळ कसं आहे? म्हणजे झालं तेव्हा, अगदी पहिल्यांदा, कसं दिसत होतं? डोळे उघडले होते का? तू घेतलंस का लगेच?"

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. ते मी ओळखलं, कारण कित्येक आठवडे तेच मला त्या विहिरीबद्दल वाटत होतं. मी बाळाला खांद्यावर घेतलं, खिडकीपाशी खुर्ची ओढली, आरामात बसले आणि सगळं सांगायला सुरुवात केली. अगदी सावकाश, एकही गोष्ट न गाळता. ते "मग?" म्हणायचे, आणि मी त्यांना थोडं थांबायला लावायची.